एन्क्रिप्टेड ईमेल सेवा निवडताना कंपनीच्या देशाला किती महत्त्व द्यावे?

एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बंद केलेले, ईमेल देणाऱ्या जवळपास प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत तिच्या देशाचे नाव ठळकपणे झळकत असते. प्रोटॉन मेल स्वित्झर्लंडचा दाखला देते, टूटा आणि पोस्टिओ जर्मनीचा, रनबॉक्स नॉर्वेचा, तर मेलफेन्स बेल्जियमचा. आणि त्या देशाचा कायदाच आपल्या पत्रव्यवहारावर पहारा ठेवील, असे ग्राहकाने मनाशी धरून चालावे, ही त्यामागची अपेक्षा असते. या परीक्षणात या सेवांचे रंगरूप, साठवणुकीची जागा किंवा वापरातली सोय यांकडे मी फारसे लक्ष दिलेले नाही. पोलिसांचा किंवा न्यायालयाचा आदेश हाती पडल्यावर कोणती कंपनी काय देऊ शकते आणि काय द्यायला बांधील असते, एवढ्या एकाच कसोटीवर त्या तपासल्या आहेत. आजवर गाजलेल्या प्रकरणांत पोलिसांनी एन्क्रिप्शनचे गणित सोडवले असे झालेले नाही. जे उघड झाले ते एकतर एन्क्रिप्शनच्या बाहेर राहिलेल्या माहितीतून, नाहीतर कंपनीच्याच हाती असलेल्या किल्लीतून उघड झाले.

ईमेलची मूळ रचनाच अशी आहे की पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे सर्व्हरला कळल्याशिवाय पत्र पोहोचू शकत नाही. लिफाफा कितीही घट्ट चिकटवला तरी पत्ता बाहेरच लिहावा लागतो, तसेच हे आहे. त्याशिवाय ग्राहक लॉग इन करतो तेव्हा त्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, सर्व्हरला दिसतो, पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून दिलेला दुसरा ईमेल पत्ता कंपनीकडे असतो, पैसे भरल्याची नोंद असते, आणि साध्या ईमेल सेवेतून आलेले पत्र सर्व्हरवर पोहोचते त्या क्षणी वाचण्याजोगेच असते; ते त्यानंतर ग्राहकाच्या सार्वजनिक किल्लीने (जिने पत्र बंद करता येते, पण उघडता येत नाही) बंद केले जाते. कायद्याचा हात सहसा या चार-पाच गोष्टींपर्यंत पोहोचतो. देश बदलला की बदलतात ते पुढचे प्रश्न: ही माहिती कोण मागू शकतो, मागणी न्यायाधीशापुढे जाते का, कंपनीने आजवर न साठवलेली माहिती तिला उद्यापासून साठवायला लावता येते का, आणि ग्राहकाला कळवण्यास मनाई करता येते का. यांतला तिसरा प्रश्न ग्राहक क्वचितच विचारतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वजन त्यालाच दिले पाहिजे.

प्रोटॉन मेलपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण या क्षेत्रातले ते सर्वांत परिचित नाव आहे आणि स्विस कायद्याची कसोटीही त्याच्याच बाबतीत सर्वांत उघडपणे लागली आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत भेटलेल्या मंडळींनी २०१४ मध्ये ही सेवा लोकांसाठी खुली केली. २०२४ पासून कंपनीची मुख्य भागधारक ना-नफा तत्त्वावरची एक प्रतिष्ठान संस्था आहे. दोन प्रोटॉन ग्राहकांमधील पत्राचा मजकूर कंपनी वाचू शकत नाही, आणि बाहेरून आलेले पत्रही एकदा साठवले गेले की ग्राहकाच्या किल्लीशिवाय उघडत नाही. विषयाची ओळ मात्र या संरक्षणात येत नाही, कारण प्रोटॉन ओपनपीजीपी या जुन्या, खुल्या पद्धतीवर उभे आहे आणि त्या पद्धतीत विषयाची ओळ मजकुराबाहेर राहते. म्हणजे न्यायालयीन आदेश आला तर ती ओळ कंपनीच्या आवाक्यातली वस्तू ठरते. संवेदनशील गोष्ट विषयाच्या ओळीत लिहू नये, ही सूचना कंपनीने नव्या ग्राहकाला पहिल्याच पत्रात द्यायला हवी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सप्टेंबर २०२१ मध्ये उघड झालेले प्रकरण या सेवेच्या प्रत्येक ग्राहकाने समजून घ्यावे असे आहे. फ्रान्समधील हवामान चळवळीच्या एका कार्यकर्त्याच्या खात्याविषयी फ्रेंच पोलिसांना माहिती हवी होती. फ्रेंच पोलिसांना प्रोटॉनला थेट आदेश देता येत नाही. म्हणून त्यांनी युरोपोल या युरोपीय पोलीस सहकार्य संस्थेमार्फत स्विस अधिकाऱ्यांकडे विनंती पाठवली, स्विस अधिकाऱ्यांनी ती मान्य केली, आणि मग प्रोटॉनवर स्विस कायद्यानुसार बंधनकारक आदेश आला. त्या आदेशानंतर कंपनीने त्या एका खात्याचा आयपी पत्ता नोंदवायला सुरुवात केली आणि तो सुपूर्द केला. पत्रांचा मजकूर कोणालाही मिळाला नाही. पण आयपी पत्त्यांची नोंद आपण मुळात ठेवत नाही, अशा अर्थाचे वाक्य तोवर कंपनीच्या मुखपृष्ठावर होते, आणि ते या प्रकरणानंतर काढून टाकावे लागले. त्या वाक्यात खोटे काही नव्हते. ते आजच्या स्थितीचे वर्णन होते आणि ग्राहकांनी ते उद्याचे वचन म्हणून वाचले. अशा वाचनाला कंपन्यांची जाहिरात खतपाणी घालते, हे नमूद केले पाहिजे.

त्यानंतर महिन्याभरातच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, स्विस संघीय प्रशासकीय न्यायालयाने प्रोटॉनच्या बाजूने निर्णय दिला: ईमेल देणाऱ्या अशा कंपनीला दूरसंचार कंपनीसारखे वागवता येणार नाही आणि तिच्यावर सरसकट माहिती साठवण्याचे बंधन लादता येणार नाही. दोन्ही घटना एकत्र वाचल्या की स्विस संरक्षणाचे खरे स्वरूप दिसते. सर्वांची माहिती साठवण्याची सक्ती नाही, पण एका विशिष्ट खात्यावर नजर ठेवण्याची सक्ती होऊ शकते. शिवाय स्विस दंडसंहितेचे कलम २७१ परदेशी अधिकाऱ्यांसाठी स्विस भूमीवर परस्पर काम करण्यास मनाई करते, त्यामुळे प्रत्येक परकी मागणीला स्विस कार्यालयातून जावेच लागते. हा अडथळा खरा आहे, पण तो फार उंच मानू नये. सरकारी मागण्यांचा हिशेब देणाऱ्या प्रोटॉनच्याच पारदर्शकता अहवालांनुसार २०२२ आणि २०२३ या वर्षांत कंपनीने दरवर्षी सुमारे ६ हजार आदेशांचे पालन केले. ही संख्या पाहून सेवा वाईट ठरत नाही, कारण ग्राहकांची संख्याही कोट्यवधींत आहे. मात्र स्विस सीमेवर मागण्या अडून राहतात, ही समजूत तिच्यापुढे टिकत नाही.

२०२४ मधले स्पेनचे प्रकरण आणखी बोलके आहे. कॅटलोनियातील एका आंदोलनाच्या तपासात स्पॅनिश पोलिसांनी स्विस मार्गानेच विनंती केली आणि प्रोटॉनने त्या खात्याला जोडलेला पर्यायी ईमेल पत्ता दिला. तो पत्ता ॲपलचा होता. पुढची मागणी ॲपलकडे गेली आणि तिथून खातेदाराची ओळख पटली. एवढ्या मोठ्या तांत्रिक तटबंदीला वळसा घालायला खातेदाराने स्वतः भरलेला एक रकाना पुरला, आणि त्या क्षणी स्विस कायद्याचा लाभ संपून तो माणूस अमेरिकी कंपनीच्या अधिकारक्षेत्रात जाऊन उभा राहिला. प्रोटॉनमध्ये हा रकाना ऐच्छिक आहे. तो रिकामा ठेवल्यास पासवर्ड हरवल्यावर खाते परत मिळवणे अवघड होते, आणि कोणता धोका जास्त हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

स्वित्झर्लंडभोवतीच्या तटस्थतेच्या वलयाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. झुग शहराजवळची क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक दशके जगभरच्या सरकारांना संदेश गुप्त ठेवणारी यंत्रे विकत होती, आणि १९७० पासून तिची मालकी गुपचूप अमेरिकेच्या सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या बीएनडी या गुप्तचर संस्थांकडे होती, हे फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाले. प्रोटॉनचा त्या इतिहासाशी काही संबंध नाही. पण पत्त्यावर स्विस शहराचे नाव आहे एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्याने तो इतिहास ठाऊक असलेला बरा. आणि कायदा स्थिरही नसतो. २०२५ मध्ये स्विस सरकारने पाळतीसंबंधीच्या नियमांत जे बदल प्रस्तावित केले, त्यांत ५ हजारांहून अधिक वापरकर्ते असलेल्या सेवांना वापरकर्त्यांची ओळख नोंदवण्याचे बंधन घालण्याचा विचार होता. प्रोटॉनने त्याला जाहीर विरोध केला, देश सोडण्याचा इशारा दिला आणि काही यंत्रणा स्वित्झर्लंडबाहेर उभारण्यास सुरुवात केली. ज्या कंपनीच्या ओळखीतच देशाचे नाव गुंफलेले आहे तिला अशी पाळी येते, यावरून देशाच्या नावावर बेतलेली निवड किती काळ टिकेल याचा अंदाज घ्यावा.

जर्मनीच्या दोन सेवांपैकी पोस्टिओचे प्रकरण मला कायद्याच्या दृष्टीने सर्वांत शिकवणारे वाटते. २००९ पासून बर्लिनमधून चालणारी ही छोटी कंपनी खाते उघडताना नावही विचारत नाही, टपालाने आलेली रोख रक्कम स्वीकारते आणि भरलेले पैसे खात्याशी जोडून ठेवत नाही. पारदर्शकता अहवाल प्रसिद्ध करणारी ती पहिली जर्मन कंपनी ठरली, २०१४ मध्ये. तिने आपली यंत्रणा अशी बांधली होती की ग्राहकांचे आयपी पत्ते आतल्या सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हते. एका तपासात पोलिसांनी ते मागितले तेव्हा कंपनीचे उत्तर सरळ होते: आमच्याकडे ते नाहीत. कंपनीला ५०० युरोंचा दंड झाला, प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिलेल्या व पुढच्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या आदेशात त्या न्यायालयाने कंपनीची तक्रार फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की माहिती जपण्याची इच्छा कितीही स्तुत्य असली तरी कायद्याने मान्य केलेल्या पाळतीसाठी यंत्रणा तयार ठेवण्याच्या कर्तव्यातून तिच्यामुळे सुटका होत नाही. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जर्मनीत नि:संदिग्धपणे ‘होय’ असे आहे: जी माहिती नाही ती निर्माण करायला कंपनीला भाग पाडता येते.

पोस्टिओत आणखी एक मर्यादा आहे. तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच पत्र वाचता येईल अशी सोय, आपोआप होत नाही. साठवलेली पत्रे बंद करण्याची सोय आणि येणारी पत्रे स्वतःच्या किल्लीने एन्क्रिप्ट करण्याची सोय ग्राहकाला स्वतः चालू करावी लागते. किल्ल्या सांभाळण्याची सवय असलेल्या माणसाला ही सेवा मी आनंदाने सुचवीन. इतरांनी केवळ तिच्या सचोटीवर भाळून जाऊ नये.

हॅनोव्हरची टूटा, जी नोव्हेंबर २०२३ पर्यंत टूटानोटा या नावाने ओळखली जात होती, तिचा मार्ग वेगळा आहे. ओपनपीजीपी न वापरता तिने स्वतःची पद्धत बांधली, त्यामुळे विषयाची ओळही एन्क्रिप्ट होते आणि २०२४ पासून आजचे एन्क्रिप्शन मोडू शकतील अशा पुढच्या काळातील क्वांटम संगणकांचा विचार करून नवी किल्ली पद्धतही आली आहे. त्याची किंमत ग्राहक मोजतो: नेहमीच्या मेल प्रोग्रॅममध्ये हे खाते जोडता येत नाही, कंपनीचेच ॲप वापरावे लागते. कायद्याच्या बाबतीत तिच्यावरचा प्रसंग २०२० चा आहे. कोलोनच्या न्यायालयाने एका खंडणी प्रकरणात विशिष्ट खात्यावर पाळत ठेवण्याची सोय बांधण्याचा आदेश कंपनीला दिला. आधी एन्क्रिप्ट होऊन साठलेली पत्रे उघडणे कंपनीला शक्य नव्हते आणि न्यायालयालाही ते मिळाले नाही. मिळू शकत होती ती आदेशानंतर बाहेरून येणारी साधी पत्रे, बंद होण्यापूर्वी. लक्षात घेण्याजोगे असे की त्याआधी हॅनोव्हरच्या न्यायालयाने अशा सेवेला दूरसंचार सेवा मानण्यास नकार दिला होता. एकाच देशात, एकाच कंपनीविषयी, दोन शहरांतील न्यायालये दोन दिशांनी जातात, तेव्हा ‘जर्मन कायदा’ हा जाहिरातीतला एकसंध शब्दप्रयोग थोडा संशयानेच वाचावा. तरीही मजकुराच्या संरक्षणात मी टूटाला प्रोटॉनच्या किंचित पुढे ठेवतो, आणि ते श्रेय तिच्या देशाकडे जात नसून विषयाची ओळ झाकण्याच्या तिच्या निर्णयाकडे जाते.

युरोपीय संघातील सर्वच सेवांसाठी आणखी एक बदल ठरलेला आहे. २०२३ मध्ये संमत झालेल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यांविषयीच्या नियमानुसार, १८ ऑगस्ट २०२६ पासून एका सदस्य देशाचे अधिकारी दुसऱ्या सदस्य देशातील कंपनीला थेट आदेश पाठवू शकतात. उत्तरासाठी साधारण मुदत १० दिवसांची आणि तातडीच्या प्रसंगी ८ तासांची आहे. संघात सेवा देणाऱ्या, पण नोंदणी बाहेर असलेल्या कंपन्यांनाही संघात प्रतिनिधी नेमण्याची अट आहे. त्यामुळे बेल्जियमची मेलफेन्स घ्यावी की नेदरलँड्सची स्टार्टमेल, या प्रश्नाला कायद्याच्या अंगाने पूर्वीइतका अर्थ उरत नाही. या दोन्ही सेवा ओपनपीजीपीवर चालतात आणि त्यांच्यातली निवड सोयीनुसार करण्यास हरकत नाही.

अमेरिकेबाबत माझे मत कडक आहे. टेक्सासमधून चालणारी लव्हाबिट ही सेवा अमेरिकेच्या गुप्त पाळतीची कागदपत्रे उघड करणारा एडवर्ड स्नोडेन वापरत होता. २०१३ च्या उन्हाळ्यात एफबीआयने कंपनीकडे एका खात्याच्या माहितीबरोबरच संपूर्ण संकेतस्थळाची खासगी किल्ली मागितली, जी मिळाल्यावर सुमारे ४ लाख ग्राहकांचा संपर्क वाचता आला असता. मालक लॅडर लेव्हिसन याने ती किल्ली ११ पानांवर, वाचताही येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत छापून दिली; न्यायालयाने दिवसाला ५ हजार डॉलर दंड लावला; अखेर त्याने किल्ली दिली आणि ८ ऑगस्ट रोजी सेवाच बंद करून टाकली. काय घडले ते ग्राहकांना सांगण्याचीही त्याला तेव्हा मुभा नव्हती. याच देशातील राइझअप या स्वयंसेवी गटालाही बोलण्यास मनाई असलेले दोन आदेश आले होते, आणि ते त्याला फेब्रुवारी २०१७ मध्येच जाहीर करता आले. मार्च २०१८ च्या क्लाउड कायद्याने तर अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती जगात कुठेही ठेवलेली असली तरी ती मागता येते. म्हणून ‘आमचे सर्व्हर युरोपात आहेत’ असे अमेरिकी कंपनी म्हणते तेव्हा ते वाक्य या प्रश्नाचे उत्तर नसते.

कॅनडाच्या हशमेलने हाच धडा लव्हाबिटच्याही आधी शिकवला होता. २००७ मध्ये, कॅनडाच्या न्यायालयाच्या आदेशावरून आणि अमेरिकेच्या विनंतीवरून, कंपनीने तीन खात्यांतील पत्रे १२ सीडींवर भरून दिली, आणि ती वाचण्याजोगी होती. सोयीसाठी एन्क्रिप्शनचे काम सर्व्हरवर करण्याचा पर्याय कंपनीने ठेवला होता. त्यात ग्राहकाचा पासवर्ड क्षणभर सर्व्हरवर येत असे, आणि तेवढा क्षण पुरेसा होता. आजच्या सेवांत एन्क्रिप्शन ब्राउझरमध्ये होते, पण ते करणारा कोड प्रत्येक वेळी कंपनीच्याच सर्व्हरवरून येतो. एका ग्राहकापुरता वेगळा कोड पाठवण्याची सक्ती कोणत्या देशात करता येईल, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहतो. ज्यांचा धोका खरोखर मोठा आहे त्यांनी ब्राउझर टाळून, ज्याचा कोड जाहीर आहे असे ॲप वापरावे. प्रोटॉन आणि टूटा दोघांचीही ॲप खुल्या कोडची आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या फास्टमेलला मी येथे अर्धेच स्थान देतो, कारण ती एंड-टू-एंड एन्क्रिप्शन देत नाही आणि तसा दावाही करत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. मात्र कंपनी ऑस्ट्रेलियात आणि मुख्य सर्व्हर अमेरिकेत, अशी तिची मांडणी आहे. आणि डिसेंबर २०१८ च्या ऑस्ट्रेलियन कायद्याने कंपन्यांना नवी तांत्रिक क्षमता उभारण्याचे आदेश देता येतात, फक्त त्यातून सर्वांच्या सुरक्षेत पद्धतशीर कच्चेपणा येऊ नये एवढी मर्यादा आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यातही अशा गुप्त आदेशांची तरतूद आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तेथील नव्या ग्राहकांसाठी क्लाउडमधले वाढीव एन्क्रिप्शन मागे घेतले.

ग्राहक स्वतः कोणत्या देशात राहतो, हेही या हिशेबात धरावे लागते. रशियाने २०२० च्या सुरुवातीला प्रोटॉन आणि टूटानोटा दोन्ही सेवा रोखल्या. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल रोखण्याची पावले उचलण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. कंपनी परदेशात असल्यामुळे तिच्याकडून माहिती मिळवणे अवघड जाते, तेव्हा स्थानिक यंत्रणा सेवाच बंद करण्याकडे वळते. म्हणून बँक किंवा नोकरी यांसारख्या, तुटल्यास नुकसान होईल अशा व्यवहारांसाठी एकट्या परदेशी पत्त्यावर विसंबू नये, आणि शक्य असल्यास स्वतःच्या डोमेनवर (स्वतः नोंदवलेल्या इंटरनेट नावावर) पत्ता घ्यावा, म्हणजे सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. पोस्टिओत ही सोय नाही. प्रोटॉन आणि टूटा यांच्या सशुल्क योजनांत आहे. मात्र डोमेनच्या नोंदणीत दिलेले नाव आणि पैसे भरल्याची खूण नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे राहते, आणि त्या कंपनीचा देश ईमेल कंपनीच्या देशाहून वेगळा असू शकतो. डोमेन घेण्यापूर्वी तोही तपासून घ्यावा.